हायवेच्या पलीकडं

सातारा स्टँडबाहेर रिक्षाला हात केला. मी अजून पत्ताही सांगितला नव्हता, तेवढ्यात त्या पोरानं विचारलं, “काकू, हायवेच्या अलीकडं का पलीकडं?” मी म्हटलं, पलीकडं, कृष्णानगरच्या पुढं, माहुलीच्या वाटेवर. “मग वर थोडं द्यावं लागंल ओ. तिकडनं परतीचं भाडं घावत नाय.” घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं. रिकामी रिक्षा घेऊन परत येणं कुणाला परवडतं? पैसे ठरले, पिशवी मांडीवर घेतली, निघालो. तसं माझं माहेर स्टँडपासून किती लांब, तर वडील सायकलवरून कचेरीत पोचायचे आणि डबा विसरलाय हे लक्षात आलं तर परत फिरून घेऊन यायचे, एवढं. पण या पोराच्या डोक्यात साताऱ्याचा जो नकाशा आहे त्यात अंतराला जागाच नाही. एक रेघ आहे, तिच्या या अंगाला सातारा आणि त्या अंगाला पलीकडं. तो जन्मला तोच रस्ता चौपदरी झाल्यावर असणार, त्याला काय बोल लावायचा? तरी बॉम्बे रेस्टॉरंटच्या उड्डाणपुलाखाली उसाची ट्रॉली, कॉलेजची पोरं आणि कोरेगावची एसटी यांच्या मधे अडकून बसले होते, तेव्हा त्या प्रश्नाची चुळबुळ सुरू झाली. मी जन्मले, वाढले, सासरी गेले ते ‘पलीकडून’, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमच्या लहानपणी तो बेंगलोर रोड होता. दोन्ही कडेला झाडं, मधे जेमतेम दोन ट्रक एकमेकांना चुकवतील एवढं डांबर. घर रस्त्याच्या पूर्वेला आणि रानाची एक पट्टी पश्चिमेला, अशी आजोबांच्या वाटणीची तऱ्हा. त्यामुळे रस्ता ओलांडणं हे दिवसातून कितीदा तरी व्हायचं, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. ट्रक लांबूनच ऐकू यायचा. चैत्रात डांबर पाघळायचं आणि चपलेचा तळ चिकटून यायचा. आई रॉकेलच्या बोळ्यानं पाय पुसायची. म्हैस मधेच उभी राहिली तर ट्रकवाला इंजिन बंद करून बिडी पेटवायचा आणि आमच्या गड्याला तंबाखू मागायचा. मग चौपदरीकरण आलं. मोजणीवाले आले, चुना पडला, झाडं गेली, दोन्ही बाजूंनी भराव चढला आणि मधे डिव्हायडर उभा राहिला. आमच्या वहिवाटीसाठी भरावाखालून एक मोरी ठेवली. माणूस जायचा, म्हैस जायची, रिकामी बैलगाडीही जायची. पण कडब्यानं भरलेली गाडी काही केल्या जाईना. वरच्या पेंढ्या स्लॅबला घासायच्या, दोरी तुटायची, बैल बुजायचे. मग अर्धी गाडी अलीकडंच उतरवायची आणि दोन खेपा करायच्या, नाहीतर भरली गाडी लांबच्या पुलाखालून सर्व्हिस रोडनं फिरवून आणायची. वडील कुठं तक्रार घेऊन गेले नाहीत. एवढंच म्हणायचे, “ज्यानं ही उंची काढली त्यानं जल्मात कडबा भरलेला नाही.” पुढं पावसाळ्यात मोरीत गुडघाभर पाणी साचायला लागलं, बैल गेले, मग पट्टीही विकली. प्रश्न मिटला.

आमच्यापुरता मिटला.

तेव्हापासून म्हणा किंवा भूगोल शिकवण्यात हयात गेली म्हणून म्हणा, मला नकाशे बघायचा नाद आहे. रात्रीची जेवणं उरकली की मोबाइलवर कुठलंतरी शहर उघडायचं आणि त्याच्याभोवतीचे रस्ते बोटानं फिरून यायचे. घरातली माणसं हसतात. पण उंचावरून पाहिलं की मोठ्या शहरांच्या भोवती रिंग रोड फार सुबक दिसतात, आणि त्यातला जरासा मोठा करून बघितला की सुबकपणा संपतो. कुठं शाळा एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला. कुठं दफनभूमीचे दोन तुकडे. मी आधी तेच शोधते: माणसं कुठून ओलांडतात.

पॅरिस मी पाहिलं ते टूरच्या बसमधून. टूर मॅनेजरनं माइकवर “आता आपण पॅरिसमध्ये प्रवेश करतोय” असं जाहीर केलं, पुढच्या सीटवरच्या कोथरूडच्या काकांनी चिवड्याचा डबा बंद केला आणि सगळ्यांचे फोन मनोऱ्याच्या दिशेनं वर झाले. मी खाली बघत होते. आमची बस ज्या रस्त्यावर रखडली होती त्याचं नाव बुलवार पेरिफेरिक. पस्तीस किलोमीटरचं वर्तुळ, १९७३ साली पूर्ण झालेलं. ते बांधायला जागा कुठली मिळाली, हे त्यातलं खरं. १८४१ ते १८४४ या काळात पॅरिसभोवती एक तटबंदी बांधली होती. तटाच्या बाहेर अडीचशे मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई, कारण तोफांना समोर मोकळं मैदान पाहिजे. तोफांचा काळ सरला आणि त्या मनाईच्या पट्ट्यात ज्यांना शहरात भाडं परवडत नव्हतं त्यांनी पत्र्याच्या, लाकडाच्या झोपड्या टाकल्या. भंगारवाले, चिंध्या वेचणारे, गावाकडून आलेले मजूर. १९१९ पासून तट पाडायला घेतला, नंतर झोपड्याही हटवल्या, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच पट्ट्यातून हा रस्ता गेला. तटाच्या वेशींची नावं मात्र तशीच राहिली. पोर्त दोर्लेआं, पोर्त दे लिला, पोर्त द क्लिन्यांकूर: आज तिथं दरवाजा नाही, रस्त्यावरून उतरायच्या वाटा आहेत. आतल्या पॅरिसात वीसेक लाख माणसं राहतात, भोवतालचा सगळा प्रदेश धरला तर सव्वा कोटीच्या घरात. कुणी तुम्हाला “मी पॅरिसचा” म्हणालं तर ऐकणारा मनातल्या मनात विचारतोच: आतला का बाहेरचा?

स्टँडवरच्या पोरानं निदान तोंडानं विचारलं.

त्या पेरिफेरिकची एक गोष्ट मला भारी आवडते. तिथं आतल्या गाड्यांना आधी वाट नसते, उजवीकडून नव्यानं शिरणाऱ्याला असते. धावता रस्ता थांबतो आणि नवख्याला आत घेतो. त्यामुळे कोंडी वाढते म्हणतात, वाढत असेलही. पण आमच्या सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना जे होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना या नियमाचं अप्रूप कळेल. दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात तिथली वेगमर्यादा ताशी पन्नास किलोमीटरवर आणली. रस्त्याला खेटून राहणाऱ्या लाखो माणसांना झोप मिळावी आणि जरा बरी हवा मिळावी, हे त्यामागचं कारण. मोटारवाले चिडले. चिडणारच. काही ठिकाणी रस्त्यावर छत घालून वर बागही केलीय.

पॅरिसचं एकट्याचं असं नाही. व्हिएन्नाच्या सम्राटानं १८५७ च्या डिसेंबरात तट पाडायचा हुकूम काढला आणि तटाच्या जागी रिंगश्ट्रासे झाला. तिथं ऑपेरा, संग्रहालयं, श्रीमंतांचे वाडे, सगळा डामडौल. त्याच्या पुढं वस्त्या होत्या त्या तशाच मागं राहिल्या. बीजिंगनं १९५० आणि ६० च्या दशकांत मिंग काळातला तट पाडला, खालून भुयारी रेल्वे नेली आणि वरून दुसरा रिंग रोड. त्या रेल्वेच्या स्टेशनांची नावं आजही दरवाज्यांचीच आहेत. दुसरा म्हणते, कारण पहिला शोधायला गेलं तर रिंग रोड म्हणून नकाशावर सापडतच नाही. मग तिसरा, चौथा, पाचवा, आणि २००९ साली सहावा, १८७ किलोमीटरचा. प्रत्येक वेळी शहर म्हणालं असेल, आता हे बाहेरचं शेवटचं वर्तुळ. मॉस्कोनं १९६२ साली १०९ किलोमीटरचा बाह्य रस्ता पूर्ण केला आणि बराच काळ तीच शहराची हद्द धरली. पाहता पाहता हद्द त्याला ओलांडून गेली. या सगळ्यांत माझं सातारा बसत नाही. आमचा तट वर अजिंक्यताऱ्यावर, खाली शाहू महाराजांनी वसवलेल्या पेठा. गावाला डोंगराची पाठ मिळालेली. पश्चिमेला वाढायला जागा कमी, म्हणून गाव पूर्वेला सरकत गेलं आणि जाऊन हायवेला थडकलं. वेस नसलेल्या गावाला वेस मिळाली ती अशी, काँक्रीटची.

लंडनला पुतणी राहते. तिच्याकडं गेले होते तेव्हा तिनं घराचं कौतुक करताना सांगितलं, “आत्या, आम्ही एम ट्वेंटीफाइव्हच्या आत आहोत.” म्हणजे जागा लहान आहे, भाडं जीवघेणं आहे, पण आत आहोत. हा एम-२५ म्हणजे लंडनभोवतीचा १८८ किलोमीटरचा मोटरवे. शेवटचा तुकडा जोडून झाला तो १९८६ च्या ऑक्टोबरात, मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते. गंमत अशी की साठच्या दशकात लंडनची योजना एका वर्तुळाची नव्हतीच, चार वर्तुळांची होती. सगळ्यात आतलं तर भर वस्तीतून जाणार होतं. नमुना म्हणून पाहायला मिळाला तो १९७० साली उघडलेला वेस्टवे, उंच खांबांवरून जाणारा रस्ता. त्याच्या कठड्यापासून काही फुटांवर लोकांच्या झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या होत्या. मंत्री फीत कापत होते आणि बाजूच्या गल्लीतल्या घरांवर फलक होते: आम्हाला या नरकातून बाहेर काढा. त्यानंतर घराघरांतून विरोध वाढला आणि १९७३ साली आतली वर्तुळं गुंडाळली गेली. उरलेल्या बाहेरच्या दोघांचे तुकडे सांधून एम-२५ झाला. म्हणजे आज आपण जे एकसंध वर्तुळ बघतो ते अर्धं एका योजनेचं, अर्धं दुसरीचं; ठिगळ लावलेल्या गोधडीसारखं. आणि उघडल्यावर थोड्याच वर्षांत ते तुंबलं. रुंद केलं, परत तुंबलं. रस्ता मोठा केला की गाड्या येऊन तो भरतात हे त्या विषयातले लोक निदान साठ वर्षं सांगतायत, पण फीत कापताना हे कोण आठवणार?

पुतणीच्या नवऱ्यानं एक वेगळीच गोष्ट सांगितली आणि ती माझ्या मनात घर करून बसली. लंडनचं हे वर्तुळ कागदावर पूर्ण नाही. पूर्वेला डार्टफर्डजवळ थेम्स नदी ओलांडायची जागा आहे. उत्तरेला जाताना बोगदे, दक्षिणेला येताना पूल. तेवढा तुकडा मोटरवे नाही, त्याचा क्रमांक ए-२८२. मोटरवेवर ज्यांना बंदी असते, लहान मोपेड वगैरे, त्यांना नदी ओलांडायला जवळपास दुसरी जागा नाही. म्हणून तेवढ्यापुरता कायद्यानंच मोटरवे तोडलाय. सायकलवाल्याला तिथून स्वतः जाता येत नाही, तर रस्त्याची गाडी येते आणि त्याला सायकलसकट फुकटात पलीकडं सोडते. मला हे ऐकून हसू आलं आणि जरा रागही. राग कुणावर ते सांगता येत नाही. नदी असली की साहेबाला मोपेडवाला आठवतो. आमच्याकडं नदी नव्हती, नुसता भराव होता.

टोकियोनं जमीन संपादनाची कटकटच टाळली. १९६४ च्या ऑलिंपिकच्या आधी घाईघाईनं रस्ते हवे होते, तर त्यांनी ते नद्यांच्या आणि कालव्यांच्या डोक्यावरून नेले. पाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. त्यात निहोनबाशी पूल झाकला गेला. हा तो पूल, जिथून जपानातल्या रस्त्यांची अंतरं मोजतात. शंभरावर वर्षांचा दगडी पूल आज द्रुतगती मार्गाच्या सावलीत उभा आहे. आता तो मार्ग खाली जमिनीत घालायचं काम काढलंय आणि ते उरकायला २०४० उजाडणार आहे. सोलनं तर उंच रस्ता सरळ पाडला, खाली गाडलेला चंगग्येचन ओढा उघडा केला आणि २००५ साली लोक तिथं पाण्यात पाय सोडून बसायला लागले. हे वाचून मी चुलतभावाला उत्साहानं सांगायला गेले, तर तो कराडचा. म्हणाला, “त्यात काय, आमच्या कोल्हापूर नाक्याचाबी पूल पाडला की.” पाडला हे खरंच. आणखी मोठा बांधायला पाडला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी निव्वळ गाऱ्हाणं मांडते असं व्हायचं. वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना पुण्याला नेलं ते याच रस्त्यानं, खंबाटकीच्या बोगद्यातून. गाडी कुठं थांबली नाही. घाटातून जुन्या रस्त्यानं न्यावं लागलं असतं तर काय झालं असतं, हे मी मनात आणत नाही. भावानं हायवेकडच्या पट्टीतले प्लॉट पाडले म्हणून त्याच्या दोन्ही मुलांची शिक्षणं झाली. कडब्यानं काही ती झाली नसती. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा माणूस पूर्वी पेढे घ्यायला मोती चौकात यायचा, आता हायवेकडेच्या दुकानात गाडी थांबवतो, पाच मिनिटांत डबा घेतो आणि सातारा पाहिलं म्हणतो. गावाचं नुकसान की फायदा? कंदी पेढा भाजलेला तोच, वास तोच. पण मोती चौकातल्या गर्दीत उभं राहून पुड्याचा दोरा बांधून होईपर्यंत ज्या चार गप्पा व्हायच्या त्या हायवेला होत नाहीत. गावाबाहेरचा रस्ता गाव टाळायला काढतात, मग दुकानं तिथं जातात, दुकानांमागून घरं, आणि रस्ता पुन्हा गावातच येतो. मग उड्डाणपूल लागतो. पोवई नाक्याला जमिनीखालून वाटा काढाव्या लागल्या तसंच.

आणि एक. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन हायवेच्या पलीकडं आहे. कृष्णा-वेण्णेचा संगमही पलीकडं, माहुलीला, आणि तिथंच स्मशान. समर्थ मंदिराजवळचा असो नाहीतर सदरबझारातला, वरच्या रस्त्याचा असो की खालच्या, शेवटी प्रत्येकाला बॉम्बे रेस्टॉरंटच्या पुलाखालून तिकडं जायचंच आहे. वडिलांना नेलं तेव्हा तो प्रश्न नव्हता, ते तिकडचेच. पण गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांना नेताना शववाहिका त्या पुलाखाली थांबली होती, मागं एक टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, आणि आजोबांचा नातू खाली उतरून गाड्या बाजूला करत होता. त्या वेळी मला पेरिफेरिकचा तो नियम आठवला, हे आता लिहिताना विचित्र वाटतंय.

सध्या पुण्याच्या रिंग रोडचं चाललंय. १७० किलोमीटरच्या आसपास लांबी, ११० मीटर रुंदी. मावळ, मुळशी, हवेली करत भोर तालुक्यात आमच्या सातारा रस्त्याला येऊन मिळणार. हैदराबादचा १५८ किलोमीटरचा झालाच आहे, मग पुण्याचा का नको, असं पेपरात कुणी ना कुणी लिहितं. मोबदल्याचे आकडे चहाच्या टपरीवर तोंडपाठ असतात. माझ्या बहिणीचा मुलगा त्याच भोर तालुक्यात आहे, त्याचं रान रस्त्यात जातंय. सगळं नाही, मधली पट्टी. घर एका अंगाला राहतंय, विहीर दुसऱ्या अंगाला. परवा त्याचा फोन आला. खुशीत होता असंही नाही, रडत होता असंही नाही. पैसे आले की ट्रॅक्टर फेडणार, मुलीच्या कॉलेजचं बघणार. बोलता बोलता म्हणाला, “मावशी, विहिरीकडं जायला खालनं वाट ठेवणारेत म्हणं.”

“किती उंचीची?”

“ते कोण सांगतंय? नकाशावर नुसती चौकट दावली.”

मी त्याला म्हटलं, नकाशावर सही करायच्या आधी ट्रॉलीत कडबा भर, चांगला शीग लावून भर, जमिनीपासून वरपर्यंत टेप लाव आणि तो आकडा अर्जात लिही. तो हसला. म्हणाला, “आता कडबा कोण ठेवतंय मावशी, मी ऊस लावतो.” मग उसाची मोज, म्हटलं. ती अजून उंच भरते.